पडलेल्या सूचनेला अनुमोदन

ग्रंथांच्या संगतीत भेद गळून पडतो.

अनसूया, हे वाक्य आपल्या महिला वाचन मंडळाच्या दिवाणखान्यात दाराच्या बरोबर समोर लावलेलं आहे. निळ्या मखमलीवर जरीने भरलेलं, वर काच. ते सर्वांना नीट वाचता यावं म्हणून वकिलांच्या आणि कापसाच्या जिनवाल्यांच्या बायकांना पुढे गाद्या, आपल्यासारख्या मास्तरणींना मागे सतरंजी आणि उरलेल्यांना बाहेरचा जिना अशी सोय केलेली आहे. भरणाऱ्या बाईंच्या हातून 'भ'ची गाठ राहिली आणि वरची रेघ पुरी जोडली गेली. त्यामुळे काचेत प्रत्यक्षात 'मेद गळून पडतो' असं आहे. सहा वर्षं आहे. अनावरण डेप्युटी कमिशनरसाहेबांच्या मडमेने केलं होतं, पण तिला मराठी येत नव्हतं. बाकीच्यांना येतं असं धरून मंडळ चालतं.

तू शाळेत नवीन आलीस आणि मी तुला तिथे पहिल्यांदा घेऊन गेले, तेव्हा बसता बसताच तू तोंडाला पदर लावलास. मला वाटलं ठसका लागला. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "बाई, आधी पुढच्या गाद्या पाहा, मग ते वाक्य पाहा. संगत कमी पडून राह्यली वाटते."

मी चिटणीस होते. दर गुरुवारी त्या वाक्यासमोर बसून वृत्तांत लिहीत होते. मीसुद्धा ते तोवर वाचलेलं नव्हतं.

तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले. या चोवीस दिवसांत खामगावात तुझ्याबद्दल जे चांगलं बोललं गेलं ते मला ऐकवत नाही. तू असताना ज्यांनी तुला 'त्या देऊळघाटच्या माळ्याच्या बाई' याखेरीज नाव दिलं नाही, त्या आता तुला 'आमची अनसूया' म्हणतात. मेलेली माणसं फार सोयीची असतात. मध्येच प्रश्न विचारत नाहीत.

तुझा प्रश्न मंडळाला पहिल्याच महिन्यात कळला होता. आपण ती राजवाड्याची कादंबरी वाचत होतो. त्यात एक मोठी पंगत होती. चांदीची ताटं, केशरी भात, गुलाबपाण्याचा शिडकावा, सगळं पाच पानं. मग 'पंगत उठली' आणि लगेच पुढच्या ओळीत गच्चीवर चांदणं. अध्यक्षीणबाईंनी डोळे मिटून ते चांदणं वाचलं. वाचून झाल्यावर, "कोणाला काही बोलायचंय?" असं त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं. रिवाजाप्रमाणे कोणी बोलायचं नसतं, हे तुला मी सांगायला विसरले होते.

"मले एक विचारायचं हाय," तू म्हणालीस. "पंगत उठली. मग उष्टं कोनं काढलं?"

अध्यक्षीणबाई माहेरच्या पुण्याच्या. त्या म्हणाल्या, "कोनं नव्हे हो, बाई. कोणी."

"बरं, कोणी. आता सांगा, कोणी?"

मागे सतरंजीवर कोणीतरी हसलं. ती मी होते.

त्यानंतर तू ते सोडलं नाहीस. मंडळाच्या पुस्तकांत जिथे जिथे कोणी जेवलं, तिथे तिथे समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात तुझं 'उष्टं?' आलं. लग्नांत, मुंजींत, राज्याभिषेकांत. एका ऋषींच्या आश्रमातल्या फलाहारालाही तू सोडलं नाहीस. तिथे 'साली?' असं लिहिलंस. मी चिडून म्हणाले होते, "पुस्तक हा भांडीवालीचा हिशेब नव्हे, अनसूया. लिहिणाऱ्याला चांदणं दाखवायचं असेल तर दाखवू दे की."

"दाखवू दे. चांदनं मलेही आवडते," तू म्हणालीस. "पन मागच्या दारी राख घेऊन बसलेली बाई त्याच चांदन्यात बसली हाय ना? लेखकाले गच्चीवरची दिसते अन् ती दिसत नाही, असा कसा त्याचा चांद?"

या वादात मी हरले नाही. जिंकलेही नाही. दोन वर्षं आपण शाळेच्या वाटेवर तो घालत होतो. तू म्हणायचीस, कोणाचं दुःख पुस्तकात येतं आणि कोणाचं नुसतं काम येतं, ते आधी पाहावं. मी म्हणायची, असं मोजमाप लावून वाचलं तर वाचनातली गोडी जाते. तू म्हणालीस, "गोडी जाऊ दे. गोडीनं दात किडतात." पुढे काय झालं ते पाहता हे वाक्य मला जरा जास्तच लागू पडलं.

मंडळाचं कपाट तू उघडायला लावलंस तोही दिवस मला आठवतो. नव्या पुस्तकांची पानं जोडलेली येतात, ती कापून वाचावी लागतात. तू केसांतला आकडा काढून कापायला बसलीस आणि थोड्या वेळाने माझ्याकडे बघत राहिलीस. ज्या पुस्तकांवर मंडळात चर्चा झाल्या होत्या, ज्यांवर 'हृदयस्पर्शी' असा अभिप्राय मी वृत्तांतात नोंदवला होता, त्यांतली बरीचशी पहिल्या सोळा पानांपलीकडे कापलेलीच नव्हती. हृदयाला जो स्पर्श झाला तो बाहेरून झाला होता.

त्या दिवशी घरी जाताना तू पहिल्यांदा मला 'तू' म्हणालीस. "कमल, तू एवढी हुशार, अन् हे सगळं लिहून कशी काय राह्यली?" मी तुझ्याहून आठ वर्षांनी मोठी, देशमुखांची, शाळेतही वरची. पण मला त्या 'तू'चा राग आला नाही. फार बरं वाटलं.

आता तुळसाबद्दल लिहिते. ते न लिहिता मी तुझ्यावर काही लिहिलं तर ते मंडळाच्या दुखवट्याच्या ठरावाइतकंच खोटं होईल.

तुळसा महारवाड्यातली. अध्यक्षीणबाईंच्याच यजमानांच्या जिनात कापूस निवडायला जाते. तू तिला सुटीच्या दिवशी अक्षरं शिकवलीस आणि वर्षभरात ती अशी वाचू लागली की आपल्या चौथीच्या मुली लाजाव्यात. तू तिला गुरुवारी घेऊन आलीस. दिवाणखान्याच्या दाराशी सगळ्या अतिशय प्रेमाने थबकल्या. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "इथे फार उकडतं हो, तिला तिथेच मोकळं वाटेल." म्हणून जिनातली बाई जिन्यात बसली. तिसऱ्या पायरीवर. तिथून ऐकू येतं, दिसत नाही.

योगायोग असा, की त्या महिन्यात आपण वाचत होतो ती कादंबरी अस्पृश्य मुलीचीच होती. नायिका गुणी, सोशिक, रंगाने उजळ, आणि शेवटच्या प्रकरणात नदीकाठी मरते. मंडळात रडारड झाली. गाद्यांवरून सतरंजीपर्यंत रुमाल फिरले. ज्या मुलीसाठी हे रडणं चाललं होतं तिच्याच वाड्यातली एक बाई भिंतीपलीकडे बसलेली आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असतं तर बहुधा आवाज थोडा कमी केला असता.

सभा संपल्यावर तू पुस्तक घेऊन जिन्यात गेलीस, मी मागून आले. तुळसाने शेवटची पानं स्वतः वाचली. ओठ हलवत, बोट ठेवून. मग तिने पुस्तक मिटलं.

"पोरगी मेली काऊन पन?" तिने विचारलं. "तिले रोग होता का काही?"

"रोग नव्हता," तू म्हणालीस. "लिहिनाराले पुढचं सुचलं नसन."

तुळसाने पुस्तक तुझ्या हातात दिलं. "आमच्याकडच्या पोरी अशा नाही मरत, बाई. त्याइले येळच नाही भेटत."

कपाटातल्या सगळ्या अभिप्रायांत मला आवडलेला हा एकच. तो वृत्तांतात नाही, कारण तुळसा सभासद नव्हती. तिला सभासद करून घ्यावं हे त्या जिन्यातच ठरलं. सूचना तू मांडायची, अनुमोदन मी द्यायचं. नियम तसाच आहे. सूचनेला एका सभासदाचं अनुमोदन लागतं, नाहीतर सूचना पडते. तू मला तीन वेळा विचारलंस, "देशीन ना?" मी तीनही वेळा "हो" म्हणाले. तिसऱ्यांदा तर रागावले, की माझ्यावर विश्वास नाही का.

संक्रांतीनंतरच्या गुरुवारी मंडळात हळदीकुंकू होतं. तिळगुळाची ताटं फिरत होती. त्याच आठवड्यात शाळेला नवी हेडमास्तरीण नेमायची होती, आणि नेमणाऱ्या कमिटीवर अध्यक्षीणबाईंचे यजमान होते. हे तुला माहीत होतं. तू त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हतीस. तू उभी राहिलीस आणि जिन्यातल्या बाईचं पूर्ण नाव घेऊन, पुस्तकी मराठीत, 'कोणी'च्या 'णी'सकट, सूचना मांडलीस. सगळ्या गाद्या वळल्या.

अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "अनुमोदन?"

माझ्या समोरच्या ताटात तिळाचे लाडू होते. मी एक उचलला आणि अख्खा तोंडात घातला.

अनसूया, मी घाबरले असं मी नंतर स्वतःला सांगितलं. घाबरणं त्यातल्या त्यात बरं दिसतं. पण घाबरलेलं माणूस पळतं, घाम पुसतं. लाडू निवडत नाही. मी मोठ्यातला मोठा निवडला होता, बराच वेळ पुरावा म्हणून. 'गोड बोला' असं सगळ्या एकमेकींना म्हणत होत्या. मी चावत होते. तू उभीच होतीस, माझ्याकडे बघत. गूळ चिकीचा होता. त्यानंतर मी तिळगूळ खाल्लेला नाही आणि खाणारही नाही, पण त्याने कोणाचं काय भलं होणार आहे?

"अनुमोदन नाही. सूचना पडली," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. वृत्तांतात ते माझ्याच अक्षरात आहे.

जिन्यात तू तुळसाला काय सांगितलंस ते मी ऐकलं नाही. मी आत हात धूत होते. नंतर तू माझ्याशी भांडलीही नाहीस. दुसऱ्या दिवशी शाळेत म्हणालीस, "तुम्ही तिसरीचं हजेरीबुक पाहिलं का?"

तुम्ही.

त्यानंतर तीन महिने आपण बोलत होतो, पण खडूबद्दल. खडू संपले, खडू आले, खडू ओले निघाले, नागपूरहून इन्स्पेक्ट्रेसबाई यायच्या आत नवे मागवले पाहिजेत. मी हेडमास्तरीण झाले. तू माझं अभिनंदन केलंस, 'तुम्ही' म्हणूनच. मंडळात तू पुन्हा आली नाहीस. मी जात राहिले. मला रोज वाटे, आज तुला थांबवावं आणि म्हणावं की मी चुकले. आणि रोज वाटे, उन्हाळ्याच्या सुटीत निवांत बोलू. सुटीत तू देऊळघाटला गेलीस आणि तुला विषमज्वर झाला.

मी आले तेव्हा तुला जाऊन तिसरा दिवस होता. बुलढाण्यापर्यंत मोटार, पुढे तुझ्या भावाची बैलगाडी. मळ्यात वांगी लागली होती. तुझ्या आईने मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि मंडळाच्या कपाटातलंच एक पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. नदीकाठी मरणाऱ्या मुलीचं पुस्तक.

"हे तुमचंच ना? शेवटलोक उशाखाली होतं तिच्या," आई म्हणाल्या. "तापात बडबडे. म्हने, 'कमल येईन, मा. तिच्यासंगं भांडन बाकी हाय माह्यं.' कमल म्हंजे तुमीच का?"

मी हो म्हणाले.

"मंग काऊन नाही आल्या?"

पण मला ऐकू आलं होतं ते दुसरंच. तू 'कमल' म्हणाली होतीस. 'कमलबाई' नाही. 'तिच्यासंगं' म्हणाली होतीस, 'त्यांच्यासंगं' नाही. तापात का होईना, तू मला पुन्हा एकेरीवर घेतलं होतंस. लोकांना तुझी आठवण म्हणून काय काय मिळालं असेल. मला ही मिळाली. मी ती लायकी नसताना घेतली आणि परत देणार नाही.

मंडळाची शोकसभा त्यानंतरच्या दुसऱ्या गुरुवारी झाली. तुझा फोटो कोणाकडे नव्हता. मग ग्रूपफोटोतून तुला कापून मोठी करून आणली. त्यात तुझा डावा कान अध्यक्षीणबाईंच्या पदराआड आहे आणि पदर कापता आला नाही. त्यामुळे हार घातला तो तुला आणि त्यांच्या अर्ध्या खांद्याला मिळून घातला. त्यांनी भाषणात तुला 'मळ्यात उमललेलं टपोरं फूल' म्हटलं. तुला आठवतं, शाळेत कोणीतरी असंच म्हणालं तेव्हा तू म्हणाली होतीस, "फुलं नाही हो, आम्ही वांगे लावतो"? तू हे ऐकतेस का म्हणून मी फोटोतला तुझा उरलेला कान बघत होते. मग तुझ्या 'चिकित्सक वाचनाचा' गौरव झाला. ज्यांनी तुझी समासातली पेन्सिल खोडायला गिरजाला रबर दिलं होतं, त्यांनीच केला. गिरजा त्यांच्याकडे कामाला आहे, तिला वाचता येत नाही. म्हणून तिने 'उष्टं?'बरोबर काही ठिकाणी छापलेलंही खरवडलं आहे.

दोन मिनिटं उभं राहायचं होतं. जिनाचा भोंगा झाला म्हणून ते एका मिनिटात आटोपलं.

जिन्यात तिसऱ्या पायरीवर तुळसा बसली होती. जेवणाच्या सुटीत आली होती, डोक्याला कापसाचे तंतू तसेच.

ठराव वाचला गेला. अध्यक्षीणबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "अनुमोदन?" दुखवट्याच्या ठरावाला चिटणिसाने अनुमोदन द्यायची पद्धत आहे. मी उभी राहिले. माझ्या तोंडात काही नव्हतं.

मी म्हणाले, "संक्रांतीच्या सभेत अनसूयाबाईंनी तुळसाबाईंना सभासद करून घेण्याची सूचना मांडली होती. तिला मी अनुमोदन देते."

अशी शांतता मगाशी उभं राहूनही झाली नव्हती. एका वकिलांच्या बाई हळूच म्हणाल्या, "अहो, ती पडली ना?"

"तेव्हा पडली. आता उचलते आहे," मी म्हणाले.

अध्यक्षीणबाई नियमाला पक्क्या आहेत. त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "तसं करता येणार नाही, बाई. मूळ सूचना मांडणाऱ्या सभासद आज हजर नाहीत."

हारामागून तू बघत होतीस. तुझ्याकडे कोणी पाहिलं नाही. "खरंच की," दोघीतिघी म्हणाल्या. मग चहा आला.

मी जिन्यात गेले. तुळसाला सगळं ऐकू आलं होतं. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "राहू द्या, बाई. तुमी उशिरा बोलल्या, पन बोलल्या. त्या अध्यक्षीनबाईले वाचता येते का पन?" मी म्हणाले, सही करता येते. ती हसली. "मंग झालं. मी जाऊ? दुसरा भोंगा होऊन राह्यला."

ती गेल्यावर मी तिथेच बसून राहिले. त्या पायरीवर खरंच हवा येत नाही.

वृत्तांत मी त्याच संध्याकाळी लिहिला. आजवर लिहिले त्यांत हा पहिला, जो तू वाचला असतास तर समासात काही लिहिलं नसतंस. ठराव, फुलं, भाषण, सगळं थोडक्यात लिहिलं. मग लिहिलं: 'श्रीमती तुळसाबाई यांना सभासद करून घ्यावे, या कै. अनसूयाबाईंच्या सूचनेस चिटणीस यांनी अनुमोदन दिले. मूळ सूचक हजर नसल्याचे अध्यक्षांनी सभेच्या नजरेस आणले. विरोध कोणीही नोंदवला नाही. सूचना मंजूर.' त्याखाली लिहिलं: 'नंतर चहापान झाले. उष्टे गिरजाबाईंनी काढले.'

यात शेवटची दोन वाक्यं निर्विवाद खरी आहेत. 'मंजूर' या शब्दावर तू माझ्याशी भांडली असतीस. म्हणाली असतीस, दाराने आत न्यायची बाई तू खिडकीतून काऊन आत घेतली? मला त्यावर बोलायचं आहे, अनसूया. मला वाटतं दार मी लाडू खात असताना बंद झालं, आणि पुन्हा उघडायला फार वर्षं लागतील. तोवर खिडकी. तुला हे पटणार नाही. तेही भांडण बाकीत धर.

तू माझी वाचनातली गोडी घालवलीस. आता कुठल्याही पुस्तकात पंगत बसली की माझी नजर मागच्या दारी जाते, आणि बरेचदा तिथे कोणी नसतं. लेखकाने कोणाला ठेवलेलंच नसतं. मग मी पेन्सिल घेते. तुझ्या 'उष्टं?'चं मी 'कोनं?' केलं आहे. 'णी' लावत नाही.

हा लेख ज्या मासिकात छापून येईल ते मंडळातही येतं. पण त्याची पानं जोडलेली येतात, त्यामुळे मला काळजी नाही.

काल गुरुवार होता. सभेच्या सुरुवातीला मागचा वृत्तांत वाचून कायम करायचा असतो. मी वही पुढे ठेवली. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "सगळं नीट आहे ना?" मी म्हणाले, आहे. वाचन मंडळाच्या अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली.